जुवाटकरांची कपार

लवू जुवाटकर भित्रा आहे हे आडवठारात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यामुळे तो खरोखर घाबरला तेव्हा कोणी मान वर करून बघितलंही नाही. ह्यात गावाला तरी काय बोल लावणार? स्वतःची पिठाची गिरणी, पण पट्टा सुरू करताना हा बाबा दोन पावलं मागे सरून डोळे मिटणार. एस्टीत बसला की सपाट रस्त्यावरही पुढच्या सीटची दांडी धरणार. बैलाने नुसतं शिंग हलवलं की हा कुंपणापलीकडे. बायको शेवंती तर चारचौघांत सांगायची, "लग्नात आंतरपाट धरललो तेवा हे थरथरत होते. माका वाटला, हीव भरला." असा माणूस 'माका भय वाटता' म्हणाला तर त्यात बातमी ती काय?

त्यात दिवस गावपळणीचे, म्हणजे ऐन मजेचे. आडवठारात दर चार वर्षांनी माघ सरता सरता पळण होते. रवळनाथाचा हुकूम आला की सगळा गाव घरांना कड्या घालतो आणि गुरं, कोंबड्या, कुत्री, म्हातारीकोतारी घेऊन शिवेबाहेर निघतो. तीन रात्री गाव देवाचा. त्या दिवसांत तिथे चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, आणि रस्त्यांवरून जे कोण फिरतात ते माणसांनी बघायचे नसतात. चौथ्या दिवशी सकाळी शिवेवरच्या पाषाणाला गुरव कौल लावतो. देवाने उजवा दिला तर घरी परत, नाही दिला तर आणखी एक दिवस बाहेर. लोकांना त्याचं काही वाटत नाही. मुंबईचे तर रजा टाकून येतात, झावळ्यांच्या खोपी बांधतात, वडे-सागोती होते, भजनं होतात. वाईट म्हणाल तर एकच. शिवेच्या आत पाऊल टाकायचं नाही.

आणि टाकलंच तर काय करायचं तेही ठरलेलं आहे. शीव मोडणाऱ्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. त्याच्या घरातलं थोरलं माणूस शिवेवर येणार, अख्खं घर त्याच्या पाठीमागे उभं राहणार, मग थोरल्याने नाव घेऊन हाक मारायची आणि तो बाहेर यायचा. घरातलं एक माणूस जरी कमी असलं तरी हाक लागत नाही. मागे एका पळणीत शिवा नावाचा एकजण पिऊन तर्र झाला आणि घरी विसरलेला बिडीचा कट्टा आणायला आत घुसला. तेव्हा त्याच्या अंथरुणाला खिळलेल्या आजोबाला खुर्चीत घालून चौघांनी शिवेवर आणला होता, आणि ओल्या बाळंतिणीलाही. त्या शिवाची आठवण निघाली की गाव अजून हसतो.

पळणीत कुठल्या घराने कुठे राहायचं तेही बापजाद्यांपासूनचं. कोणाचा आंबा, कोणाचा मळा, कोणाची काजूची बाग. जुवाटकरांची मात्र कपार, आणि तिचा त्यांना भारी तोरा. गावाची शीव म्हणजे कोरडा पडलेला व्हाळ, ओढाच तो. व्हाळ ओलांडला की थोडी चढण, आणि चढणीच्या डोक्यावर सड्याचा कडा उभा. सडा म्हणजे वरून काळा कातळ, दीड पुरुष जाडीचा, कुदळ मारली तर ठिणगी उडेल असा. पण त्या कातळाच्या खाली सगळी शेडी, पिवळी-पांढरी मऊ माती, बोटांनी चोळली तर पीठ होणारी. वारा, ऊन, खारी हवा, सगळं त्या शेडीला खातं. कातळ आपला जिथल्या तिथे. त्यामुळे कड्याच्या पोटात आपोआप एक ओसरी झालेली, वर दगडाचं छप्पर आणि आत गारवा. बाकीचा गाव ताडपत्रीखाली उकडत असायचा तेव्हा जुवाटकर कपारीत पंखा लावल्यासारखे निजायचे.

पण घर वाढत जातं, कपार काही वाढत नाही. म्हणून दर पळणीला घरचे पुरुष कुदळ घेऊन शेडी आत आत खणत न्यायचे. निघालेली पांढरी शेडी बायका टोपल्यांत भरून घरी न्यायच्या, तुळशीला आणि चुलीला सारवायला. 'जुवाटकरांची शेडी' मागायला शेजारणी यायच्या. लवूच्या आजोबाने खणली, बापाने खणली, लवूने स्वतः घाबरत घाबरत चार कुदळी मारल्या होत्या. ह्या वर्षी त्याचा मुलगा धनेश बांद्याहून आला, तिथे त्याचं गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे. बरोबर बायको सारिका, पाच वर्षांची दिव्या आणि दोन लोखंडी खाटा. खाटा मावेनात. मग धनेशने शर्ट काढला आणि एका सकाळीत एका खाटेच्या रुंदीची शेडी पाडली. लवूची आई काशीबाई कौतुकाने बघत होती. "बापाशीपेक्षा झील बरो," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी लवू कपारीत आडवा झाला होता. पापणीवर काहीतरी पडलं. त्याने पुसलं. पुन्हा पडलं. बोटावर घेऊन बघितलं तर पीठ, पांढरं. गिरणीवाल्या माणसाला पीठ काय नवीन नाही. पण गिरणीत पीठ केव्हा गळतं ते त्याला चांगलं माहीत होतं, मशीन हादरतं तेव्हा. इथे काय हादरतंय? त्याने वर बघितलं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींनी छप्पर काळंकुळकुळीत झालेलं, आणि त्या काजळीत एक तांबडी रेघ, सुरीने ओढल्यासारखी ताजी. लवूचं पोट आत ओढलं गेलं. तो उठला आणि चटई उचलून उन्हात जाऊन बसला.

"काय झाला?" शेवंतीने विचारलं.

"छप्पर फुटलाहा."

"तुमचा कपाळ फुटलाहा. उन्हात बसान चक्कर येतली, मगे माझ्या नावान बोंब मारशात."

संध्याकाळी ऊन उतरलं तसा कड्यातून आवाज यायला लागला. टक्. जरा थांबून पुन्हा टक्. लवू दचकून उभा राहिला, दिव्या खदखदून हसली, आणि काशीबाईने मांडीवरचा तांदूळ निवडता निवडता सांगितलं, "दिवसभर तापललो कातळ सांजेक निवता, रोजच बोलता तो. तू काय आज आयकतंस काय? तुझो बापूस ह्याच कपारीत जल्मलो, पळणीतच. ह्या छपराक काय जाता?"

"आये, पीठ गळता."

"गळांदे. पावसात पडली नाय ती दरड सुक्यात पडतली?"

धनेशनेही तेच म्हटलं, जरा शहाणपणाने. "बाबा, पाणी नाय, चिखल नाय. दिवाळीपासून थेंब पडूक नाय. माती सुटतली कशी?"

हे सगळ्या कोकणाचं म्हणणं आहे, एकट्या धनेशचं नाही. पाऊस लागला की माणूस दरडीकडे बघतो, रात्रीचा जागतो. पाऊस गेला की दरड विसरतो. मातीला धरून ठेवणारी ओल उन्हाने जाते, मग ती भेगाळते, कण कण सुटतो, वारा घेऊन जातो, आणि वरचा कातळ दिवसा तापून फुगतो आणि रात्री गारठून आक्रसतो. हे सगळं कोरड्यात, गुपचूप चाललेलं असतं. त्याचा पूर येत नाही म्हणून कोणाला कळत नाही. लवूलाही हे असं मांडून सांगता आलं नसतं. त्याला फक्त भय वाटत होतं.

ती रात्र त्याने बाहेर काढली, कांबळं गुंडाळून. सकाळी कौल लागला. सगळा गाव नारळ घेऊन, गाठोडी बांधून तयार. देवाने उजवा दिला नाही. आणखी एक दिवस. लोक हसत परत फिरले, गाठोडी सोडली. लवू मात्र पाषाणापुढून हलेना, कारण आता घरची सगळी पुन्हा त्या छपराखाली जाणार होती.

मग तो एक गोष्ट करायला गेला जी त्याने जन्मात केली नव्हती. सड्यावर चढला, कड्याच्या टोकाकडे. गवत वाळून काटक्या झालेलं, कातळ आतापासूनच तापायला लागलेला. टोकापासून बराच अलीकडे तो गुडघ्यांवर बसला आणि हाताने चाचपत रांगत पुढे गेला. कोणी बघितलं असतं तर पुढच्या पळणीपर्यंत हसायला विषय झाला असता. रांगता रांगता त्याचा पंजा एका चिरेवर पडला. कड्याला समांतर, इकडून तिकडे गेलेली चीर, हाताचा पंजा उभा आत जाईल एवढी. दोन्ही काठांना गवताची मुळं ताणून धरलेली, काही तुटलेली. आणि त्या चिरेतून धूर येत होता.

लवू बघतच राहिला. कातळातून धूर. आधी त्याला वाटलं, देवाचं काहीतरी. मग वास आला. सुक्या बांगड्याचा. खाली शेवंती चुलीवर बांगडा भाजत होती, आणि त्या चुलीचा धूर कपारीच्या तोंडातून जायचा सोडून इथे, एवढ्या मागे, जमिनीतून वर येत होता. म्हणजे कपारीचं अख्खं छप्पर मागून सुटलेलं होतं. खाली शेडी नाही, मागे कातळ नाही. कशावर राहिलंय ते? लवू उलटा रांगत मागे आला, आणि कातळ संपून पायाखाली माती लागेपर्यंत उभा राहिला नाही.

खाली येऊन त्याने सांगितलं. धनेशने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरा झाला. काल डोळे चुरचुरत होते सगळ्यांचे. धुराक वाट झाली."

सारिका हसली. तीही बिचारी काय करणार, सासऱ्याबद्दल लग्नाच्या आधीपासून ऐकलेलं. लवूला रडू आलं, अगदी खरोखरचं. तो तोंड फिरवून भाईंकडे गेला. भाई गावचे मानकरी, पळणीतल्या जागांचा तंटा त्यांच्याकडे. त्यांच्या आंब्याखाली जागा मागितली तर ते पान लावत म्हणाले, "जागो देतंय रे. पण काशीबाय येता काय? तिका विचारलंस?"

काशीबाई कसली येते. "लोकांच्या आंब्याखाली जुवाटकर? माझ्या सासऱ्याची जागा सोडून? तू जा. परकर नेसान जा," ती म्हणाली, आणि दिव्याला कुशीत घेऊन कपारीच्या पार आत, जिथे धनेशने नवीन खणलं होतं तिथे, खाटेवर आडवी झाली. बाकीचे जेवले. ऊन डोक्यावर आलं. एकेक करून सगळी सावलीत पसरली.

लवू खाली व्हाळाच्या काठाला जाऊन बसला. तिथे एक मोठा धोंडा आहे, घराएवढा, तिरका पडलेला. पोरं त्यावरून घसरगुंडी करतात. लवूही लहानपणी त्यावरून घसरला होता, म्हणजे मोठ्यांनी ढकलला होता. त्याच्या आडोशाला वीतभर सावली होती. तिथे पाठ टेकून बसला असताना त्याची नजर धोंड्याच्या पोटाखाली गेली. पोट काळं होतं. कातळ काळाच असतो, पण हे काळं वेगळं. त्याने हात आत घालून बोट फिरवलं. पुसट होती, पण बोटाला काजळी लागली.

लवूने बोट बघितलं. मग मान वळवून वर कपारीचं छप्पर बघितलं. मग पुन्हा धोंडा. हा धोंडा म्हणजे कोणाच्या तरी चुलीवरचं छप्पर होतं. आपल्याच घराच्या, आजोबाच्या आजोबाच्या. व्हाळात असे आणखी चार-पाच धोंडे होते, त्याच्या जन्मापासून तिथेच, आणि ते तिथे कुठून आले असं कोणी कधी विचारलं नव्हतं. हे पडलं तेव्हा खाली कोण होतं? कोणी सांगितलं कसं नाही? की सांगायला कोणी उरलंच नाही?

ऊन कलायला लागलं होतं. अजून थोड्या वेळाने कातळ निवायला लागला असता आणि ते टक् टक् सुरू झालं असतं. तो धावत कपारीच्या तोंडाशी गेला. आत पाय टाकायची छाती होईना. बाहेरूनच बोलावलं, "शेवंती, भायर ये गो. धनेश." शेवंतीने कूस बदलली. धनेशने डोळ्यांवर हात घेतला. छपरातून आता पीठ सरळ धारेने गळत होतं, धनेशच्या खाटेच्या पायाशी त्याची चिमूटभर रास झाली होती. आत जाऊन एकेकाला ओढावं तर शेवंती त्याला दोन हातांनी उचलून बाजूला ठेवेल एवढी दणकट, आणि एकाला काढेस्तोवर दुसरा परत आत जाणार. ह्यांना सगळ्यांना एकदम बाहेर काढील असं जगात काय आहे?

एकच गोष्ट होती, आणि ती मनात आली तेव्हा लवू कड्याला घाबरला होता त्याहून जास्त घाबरला.

तो व्हाळात उतरला. मधोमध शिवेचा पाषाण, सकाळची फुलं सुकलेली. त्याने हात जोडले, काय म्हणावं ते सुचेना. "माका म्हायत नाय," एवढंच म्हणाला. पलीकडे गाव. रोजचा त्याचाच गाव, पण एक कुत्रं नाही, कोंबडा नाही, कुठे बादली वाजत नाही. त्याच्या गिरणीचं पत्र्याचं दार तिथून दिसत होतं, आणि त्या दाराआड कोणीतरी उभं आहे असं त्याला पक्कं वाटलं. त्याने डोळे मिटले, पट्टा सुरू करताना मिटायचा तसे, आणि पाऊल टाकलं.

काही झालं नाही. ह्याने तो जास्तच भ्याला. काठ चढून वर गेला, गावाच्या मातीत उभा राहिला, कपारीकडे तोंड केलं आणि ओरडला. लवूचा एवढा आवाज असेल हे त्याच्या बायकोलाही माहीत नव्हतं.

"आये, मी शिवेच्या आत इलंय. माका भायर घे."

पहिली शेवंती बाहेर आली, डोळे चोळत. तिने बघितलं आणि कपाळावर हात मारला. मग धनेश. मग सारिका, केस बांधत. "ओ बाबा, काय ह्या? पिलास काय?" धनेश धावत व्हाळापर्यंत आला आणि पाषाणाशी थबकला. पलीकडच्या मळ्यातल्या खोपींतून माणसं उभी राहिली, कोणीतरी भाईंना हाका मारायला लागलं. आणि कपारीतून काठी टेकत काशीबाई निघाली. दोन दिवस गुडघ्यांच्या नावाने कण्हणारी म्हातारी तरातरा चढण उतरत होती. शेवंती धरायला गेली तर तिलाच तिने ढकललं. शिवेवर आली, काठी वर उचलली.

"मेल्या, माझ्या म्हातारपणाक ह्या दाखवलंस? रवळनाथाच्या समोर? थांब तू, भायर येच."

"मार माका," लवू म्हणाला. "पण हाक मार आदी. सगळी इली काय बघ."

तो बोलत होता आणि डोळ्यांनी मोजत होता. शेवंती, धनेश, सारिका, आई. आणि पोर? पोर नव्हती.

"दिव्या खंय आसा?" त्याने विचारलं.

"निजलाहा," सारिका म्हणाली. "आता तेका कित्याक उठवायचा? आजी, तुमी हाक मारा, बाबा येवंदेत भायर."

धावत जावं तर तो शिवेबाहेर आला की हाकेचा प्रश्नच मिटला, सगळी शिव्या देत परत सावलीत जाणार. न जावं तर पोर तिथे, त्या नव्या खणलेल्या भागात, एकटी. त्याने पाय उचलला, ठेवला. कड्यातून आवाज आला. टक्. तो आज एकटाच नव्हता, त्याच्या मागोमाग दुसरा, तिसरा. लवूने आईकडे बघितलं. आता सगळं तिच्यावर होतं, आणि ती त्याचं आयुष्यात कधी ऐकत नव्हती.

काशीबाईने तोंड उघडलं होतं हाक मारायला. ते मिटलं. मागे वळून तिने माणसं बघितली.

"घर पुरा नाय," ती म्हणाली. "पोर घेऊन ये."

"आजी, झोप मोडली तर रडात—"

"रडांदे. घर पुरा झाल्याशिवाय हाक लागणा नाय. जा."

सारिका चढणीवरून गेली, पाय आपटत. कपारीत वाकून शिरली. किती वेळ लागतो एक पोर उचलायला? ती काय करते आहे आत? चादर काढते, चप्पल शोधते, माणसाला उगाच सवयी असतात. मग ती आली, दिव्या खांद्यावर पेंगलेली, एका पायात चप्पल. अर्धी चढण उतरली. धोंड्यापाशी आली. व्हाळात पाय टाकला.

आवाज आधी आला नाही. आधी कपारीचं तोंड बारीक झालं. काळा कातळ हळूच खाली झुकला, जड माणूस खाली बसताना झुकतो तसा, आणि कपार मिटली. मग तो आवाज आला, पायांतून वर, आणि लवू जमिनीवर पडला. कातळाचा मोठा तुकडा चढणीवर एकदा वळला, कोंबड्यांचं खुराडं, खाटा, चूल सगळ्यावरून गेला आणि व्हाळातल्या जुन्या धोंड्याला टेकून थांबला. मग शेडीचा लोट उठला आणि पिवळं-पांढरं पीठ सगळ्या व्हाळावर पसरलं. हाताएवढ्या अंतरावरचं दिसेना.

लवू रांगत पाषाणाकडे आला. त्या पिठात कोणी दिसत नव्हतं, फक्त खोकले ऐकू येत होते. एक खोकला धनेशचा, विडी ओढणाऱ्याचा. एक शेवंतीचा, ती खोकतानाही शिव्या घालत होती. दिव्याचं भोकाड आलं, आणि 'गप, गप' म्हणणारी सारिका. आईचा खोकला येईना. लवू शिवेवर थांबला. एक पाऊल टाकलं असतं तर पलीकडे होता, पण हाकेशिवाय ते टाकता येईना.

"लवू," पिठातून आवाज आला, अगदी जवळून. "लवू जुवाटकर. ये."

तो गेला. आईच्या अंगावर पडला म्हटलं तरी चालेल. काशीबाई पांढरीफटक झालेली, भुवया सुद्धा. सगळीच गिरणीतून आल्यासारखी दिसत होती. तिने काठी उगारली नाही.

लोट बसता बसता भाई आणि सगळा गाव जमला. कपार होती तिथे आता नुसता भगवा-पिवळा ताजा कडा होता आणि खाली धोंड्यांची रास. मग भाईंनी लवूकडे बघितलं.

"शीव मोडलंस," ते म्हणाले. "पाठोपाठ दरड इली. देवान लगेच दाखवल्यान."

माणसांनी माना हलवल्या. किती पिढ्यांची कपार, कधी खडा पडला नव्हता, आणि ह्याने पाऊल टाकलं आणि कोसळली. ह्याहून उघड ते काय? धनेशने बोलायला तोंड उघडलं, "भाई, ता माझ्या खणण्यान..." तो खाली बसला आणि आपल्या हातांकडे बघत राहिला. खरं सांगायचं तर लवूला स्वतःलाच खात्री वाटेना. चीर आधी होती, धूर आधी आला, काजळी तर कधीची. पण पाऊल टाकलं ते त्यानेच, आणि देव होता की कातळ हे तो कोणाला विचारणार?

"दंड काय तो सांगा," काशीबाई म्हणाली. "कोंबो आणि नारळ ना? देतलंव. आमचे कोंबे मातयेखाली गेले, विकत हाडूचे लागतले."

भाई अजून काही बोलणार होते, पण तिने पाठ फिरवली. लोक हळूहळू पांगले. कोणी चादर दिली, कोणी पेज आणून ठेवली. सूर्य खाली गेला. कौल झालेला नव्हता, गावात जाता येत नव्हतं, आणि जुवाटकरांना पाठ टेकायला जागा नव्हती. भाईंचा आंबा होता. शेवंतीने तसं सुचवलं, दबकत.

काशीबाई आंब्याकडे बघत राहिली. मग काठीने लवूला ढोसलं.

"झिला, तुका थंय भय वाटता?"

लवूने आंबा बघितला. एक फांदी वाळलेली होती. "वाटता," तो म्हणाला.

"मगे तुका खंय वाटना नाय ता सांग. थंय निजतलंव."

शेवंती हसली नाही. धनेशने मान वर केली. सगळी त्याच्याकडे बघत होती, दिव्यासुद्धा, आणि लवूला काय करावं कळेना, कारण तशी जागा त्याला जन्मात कुठे सापडली नव्हती. तो चालायला लागला. व्हाळाचा काठ नको. धोंड्यांची सावली नको. बांधालगत गवत होतं, त्यात जनावर असेल. ती त्याच्या मागोमाग येत होती, म्हातारी काठी टेकत, सारिका पोर खांद्यावर घेऊन, कोणी 'पुरे' म्हणत नव्हतं. कड्यापासून खूप लांब, कापणी झालेल्या एका मळ्याच्या मधोमध तो थांबला. वर नुसतं आभाळ. त्याने थोडा वेळ पोटावर हात ठेवून बघितलं.

"हंय," तो म्हणाला. "हंय जरा कमी वाटता."

काशीबाईने काठी आडवी टाकली आणि तिथेच ढेकळांत बसली.